साखरेला किमान भाव, कोयत्याला उचल

चेअरमनसाहेब,

सप्रेम नमस्कार लिहावा असं आपलं नातं नाही, म्हणून थेट विषयावर येते. तुमचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. दसरा-दिवाळी झाली की धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर, पाथर्डीकडून निघालेले ट्रक-ट्रॅक्टर ज्या ज्या कारखान्याच्या हद्दीत रिकामे होतात, तिथल्या खुर्चीवर जो कोणी बसला असेल त्यानं हे पत्र आपल्याच पत्त्यावर आलंय असं समजावं. कारखाना सहकारी असो की खाजगी, सांगलीत असो, सोलापुरात असो की सीमेपलीकडे कर्नाटकात, या एका बाबतीत तुम्ही सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ आहात.

"ऊसतोड मजूर आमचे कामगार नाहीत." कोणीही काहीही विचारलं, की तुमचं हे उत्तर ठरलेलं. तुमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदाराचा व्यवहार मुकादमाशी आणि मुकादमाचा शब्द नवरा-बायकोच्या जोडीशी. मध्ये दोन माणसं उभी केली की पलीकडचं कोणी दिसत नाही, एवढीच ही युक्ती आहे. पण ती चाळीस-पन्नास वर्षं चालली, तेव्हा तुमच्या हुशारीला नावं ठेवायला जागा नाही.

मग मला सांगा, गळीत कधी सुरू करायचं हे कोण ठरवतं? कुणाचा प्लॉट आधी तुटणार याचा प्रोग्राम कुणाच्या शेती विभागात लागतो? टोळीनं आज या गावात राहायचं की उद्या पंधरा कोसांवर कोप्या हलवायच्या, हे सांगायला कुणाचा चिटबॉय मोटारसायकलवरून येतो? बुडख्यात साखर जास्त, म्हणून ऊस जमिनीलगत तोडा, पाचट राहू देऊ नका, वाढं खाली छाटा, ही तंबी कुणाची? वजन कुणाच्या काट्यावर होतं? टनामागं मजुरी किती, हे ठरवायला पुण्याच्या साखर संकुलात कोण बसतं? जानेवारी २०२४ मध्ये तिथंच दर ३४ टक्क्यांनी वाढून २७३ वरून ३६६ रुपये झाला. मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं तेही त्याच बैठकीत. मजुरी तुम्ही ठरवता, मुकादमाचा वाटा तुम्ही ठरवता, काम कुठं, कधी, कसं हे तुम्ही ठरवता. ज्याच्या शब्दाशिवाय फडात एक कांडी तुटत नाही, त्याला आमच्याकडं मालक म्हणतात.

आता त्या ३६६ रुपयांकडं येऊ. जोडीनं, म्हणजे एका कोयत्यानं, दिवसभरात दीड ते दोन टन ऊस होतो. हात चांगला चालला असं धरून दोन टन घ्या. ७३२ रुपये झाले, माणशी ३६६. दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि गाडी भरून होईपर्यंत संपत नाही. बारा ते चौदा तास धरले तर तासाला २६ ते ३० रुपये पडतात. याच राज्यात २०२५-२६ मध्ये रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, आणि तो दिवस नऊ तासांच्या आत संपतो. खड्डा खणणाऱ्याचा तास तुमच्या फडातल्या तासापेक्षा महाग आहे. शिवाय खड्डा खणणारा संध्याकाळी स्वतःच्या घरी जातो.

तुम्ही म्हणाल, हे उक्तं काम आहे, रोजंदारी नाही, जो जास्त तोडेल तो जास्त कमावेल. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा. उक्त्या कामाचं निमित्त पुढं येणार हे तो लिहिणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं. काम नगावर असो की टनावर, जिथं वेळेचा किमान दर ठरलेला आहे तिथं त्याच्याखाली मजुरी जाता कामा नये, असं त्यांनी कायद्यातच लिहून ठेवलं. किमान वेतनापेक्षा कमी घेईन असा करार मजुरानं स्वतः केला तरी तो करार रद्दबातल, हेही लिहिलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा वेतन संहितेनं घेतली, तिच्यातही उक्त्या कामाचा हा नियम कायम आहे. उलट, अमुक उद्योग यादीत आहे की नाही ही पळवाटसुद्धा आता बुजली. किमान वेतन सगळ्यांनाच लागू झालं. तुमच्या फडावर मात्र तास कोणी मोजत नाही, त्यामुळं कायदा मोडला हेही कुठं नोंदलं जात नाही.

आणि तास मोजले गेले असते तर तुमच्या फडाचं रूपच बदललं असतं, हे मला तुम्हाला नीट सांगायचंय. किमान वेतन म्हटलं की सगळ्यांची नजर हातात पडणाऱ्या रकमेवर जाते. पण तासाला किंमत लागली की कामाची तऱ्हाच बदलते. आज गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसांचा तुम्हाला पैसाही पडत नाही. गाडी तुमच्या यार्डात दिवसभर रांगेत अडकली, मग रात्री अकराला फडावर आली, तर त्यात कारखान्याचं काय गेलं? ऊस तोडून, मोळ्या बांधून जोडी बसून राहिली, तिचे चार तास फुकट. त्या चार तासांचे पैसे तुम्हाला मोजावे लागले असते, तर यार्डातली रांग तुम्ही एका हंगामात सरळ केली असती. पाण्याचा टँकर वेळेवर आला असता, कारण हंडा घेऊन दोन किलोमीटर जाणारी बाई तुमच्या पैशानं चालत असती. भरणीला दिवा असता. मालकाला मजुराची वेळ महाग पडते तेव्हाच तो ती जपतो. फुकट वस्तू कोणी जपत नाही.

मी एका फडावर भरणी पाहत थांबले होते, तो भाग सांगते, कारण तुम्ही भरणी पाहायला कधी थांबला असाल असं मला वाटत नाही. ट्रक रात्री उशिरा आला. मागच्या बाजूला लाकडी फळी लावली. बायांनी डोक्यावर चुंबळी ठेवल्या. खालून दोघांनी मोळी उचलून द्यायची, बाईनं ती डोक्यावर घेऊन थंडीत दंव पडून निसरड्या झालेल्या फळीवरून वर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, पुन्हा उभं राहायचं. उजेड म्हणजे ट्रकचा दिवा आणि कुणाच्या तरी मोबाइलची बॅटरी. एक लेकरू पाचटावर गोधडीत झोपलेलं, त्याच्यापासून चार हातांवर गाडीचं चाक. गाडी भरल्यावर तुमच्या माणसानं पावती लिहिली. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, गाडीचा नंबर, ठेकेदाराचं नाव असं सगळं तिच्यावर होतं. फळीवरून चढणाऱ्या बाईचं नाव लिहायला तिथं रकानाच नव्हता.

तिला मी टनाचा दर विचारला. "मालकाला ठाव," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडं बोट केलं. मग आगाऊ उचल किती घेतली होती ते विचारलं. ती तिला तोंडपाठ होती. त्यातली किती फिटली, किती राहिली, खाडे किती पडले, मधल्या आजारपणात मुकादमानं वरून किती दिले, ते कशात धरले, सगळं तिनं एका दमात सांगितलं. कमाईचा आकडा तिला ठाऊक नव्हता, देण्याचा होता. तुमची सगळी व्यवस्था या एका बाईच्या डोक्यात मला बसलेली दिसली.

साहेब, खरा मुद्दा इथं आहे, म्हणून जरा सावकाश लिहिते. मजुराला पटलं नाही तर उठून दुसरीकडं जाता येणं, ही मजुरी वाढण्याची पहिली अट आहे. शेजारच्या कारखान्यात दर बरा आहे, टँकर येतो, भरणी दिवसा होते असं कळलं आणि टोळी तिकडं गेली, तर तुम्हालाही दर वाढवावा लागतो, टँकर पाठवावा लागतो. तुम्ही हा रस्ता आधीच बंद करून टाकता. पावसाळा तोंडावर असतो, घरात दाणे संपत आलेले असतात, पोरीचं लग्न, बापाचं दुखणं किंवा बियाणं-खताची उधारी डोक्यावर असते, तेव्हा मुकादम दारात येतो आणि उचल हातावर ठेवतो. तो पैसा वरून येतो. मुकादमाला ठेकेदार देतो, ठेकेदाराला कारखाना देतो, कारखाना बँकेतून उचलतो. त्या दिवशी त्या जोडीचा पुढचा हंगाम विकला गेला. नोव्हेंबरात शेजारच्या कारखान्यानं दुप्पट दर दिला तरी ती तिकडं जाऊ शकत नाही.

हिशोब मांडून दाखवते. समजा एका कोयत्यानं एक लाख रुपये उचल घेतली. ३६६ च्या दरानं ती फेडायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तर १३७ दिवस, एकही खाडा न पडता. हंगाम शंभर दिवसांतच आटोपला, म्हणजे पाऊस कमी, ऊस कमी आणि पट्टा लवकर पडला, तर २०० टनांचे ७३,२०० रुपये झाले आणि २६,८०० बाकी राहिली. ती बाकी पुढच्या साली. शंभर दिवस राबून ती जोडी गावी परतते ती पुढच्या वर्षासाठी आधीच बांधलेली. मधल्या काळात त्यांनी खाल्लं काय? मुकादमाकडून आठवड्याच्या बाजारापुरती मिळणारी खर्ची, आणि वाढं विकून आलेले दोन पैसे. खर्चीही हिशोबात धरली जाते. तुमचा कारखाना ठेकेदाराचं बिल पंधरवड्याला काढतो. जिनं ऊस तोडला तिचा हिशोब पट्टा पडल्यावर होतो, आणि तो ती सोडून बाकी सगळे करतात.

याला काय म्हणतात ते मी ठरवत नाही, संसदेनं ठरवलेलं आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा काढून वाचा. आगाऊ रक्कम घेतल्यामुळं ज्याचं दुसरीकडं काम करण्याचं किंवा मनासारखं कुठंही जाण्याचं स्वातंत्र्य गेलं, किंवा जो नाममात्र मजुरीवर राबतो, त्याला त्या कायद्यानं वेठबिगार म्हटलं आहे. नाममात्र म्हणजे किती? सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी. मजुरीचा तळ आणि निघून जाण्याची मोकळीक या दोन्ही गोष्टी तो कायदा लिहिणाऱ्यांनी एकाच व्याख्येत ठेवल्या, कारण एक गेली की दुसरी टिकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. किमान वेतनाहून कमी पैशात राबणारा माणूस मर्जीनं राबत नसतो, पोटाची सक्ती हीसुद्धा सक्तीच, आणि ती घटनेच्या २३ व्या कलमाचा भंग करते, असं न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठानं सांगितलं. तुमच्या कायदेशीर सल्लागारानं हे वाचलेलं असणारच.

या बंधनाची किंमत बायांच्या शरीरातून वसूल झाली आहे. एक दिवस काम चुकलं की खाडा, खाड्याला पाचशे रुपये दंड, कुठं कुठं त्याहून जास्त, आणि कोयता जोडीचा असल्यामुळं एक आजारी पडला तर दंड दोघांवर. पाळीच्या दिवसांत अंग चालत नाही, दवाखान्यात जायचं तर खाडा. मग कोणीतरी सांगतं, पिशवीच काढून टाक. २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्यानं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणजे सहा जणींमागं एकीची. कितीतरी जणी ऐन तारुण्यात. त्यात डॉक्टरांचा दोष होता, तो वेगळा. पण जिला पगारी सुट्टी राहू द्या, बिनपगारी सुट्टीसुद्धा दंडाशिवाय मिळत नाही, तिनं हंगाम चुकू नये म्हणून अवयव काढून द्यावा, हे तुमच्या साखरेच्या पोत्यावर कुठंच लिहिलेलं नसतं.

आता तुमच्या दुसऱ्या रूपाबद्दल. दिल्लीच्या विमानात बसलेले चेअरमनसाहेब फार निराळे बोलतात. तिथं तुमचा बाजारावर काडीचा विश्वास नसतो. साखरेला किमान विक्री दर हवा म्हणून तुम्ही गेलात आणि सरकारनं २०१८ मध्ये तो किलोला २९ रुपये बांधून दिला, २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ केला. त्यानंतरही तो वाढवून मिळावा म्हणून तुमची निवेदनं थांबलेली नाहीत. इथेनॉलचा भाव सरकार ठरवतं. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधलेला रास्त दर, आहे, २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये, आणि ती चौदा दिवसांत दिली नाही तर १५ टक्के व्याज. शेतकऱ्याला हे मिळालं ते योग्यच झालं, त्यानं त्यासाठी रस्ते अडवले आणि लाठ्या खाल्ल्या. माझा प्रश्न एवढाच, की उसापासून साखरेपर्यंत प्रत्येक गोष्टीला खाली तळ हवा हे तुम्हाला पटतं, मग ऊस तोडणाऱ्या हाताचा विषय निघाला की मागणी-पुरवठा कुठून आठवतो?

शिवाय तोडणीची मजुरी तुमच्या खिशातून जाते असंही नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुम्ही एफआरपीतून वजा करता. पैसा शेतकऱ्याचा, कापता तुम्ही, वाटतो मुकादम. मजुरी वाढवायचं म्हटलं की तुम्ही शेतकऱ्याला पुढं करता, "त्याच्यावर बोजा पडेल." शेतकऱ्यानं जास्त मागितलं की तोडणीचा खर्च वाढल्याचं सांगता. दोन गरजवंत समोरासमोर उभे करून स्वतः मधून बाजूला होण्याची ही कला तुम्हाला चांगली साधली आहे.

आणि मोकळीक म्हणजे काय हे तुमच्या भागातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. एके काळी झोनबंदी होती, आपला ऊस नेमून दिलेल्या कारखान्यालाच घालावा लागे. शेतकरी संघटना त्याविरुद्ध उभी राहिली, कारण दुसरीकडं जाता येत नसेल तर भाव मिळणार नाही हे बांधावरच्या माणसाला बरोबर समजत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं ऊस राज्याबाहेर नेण्यावर बंदी घातली, तेव्हा असा गदारोळ झाला की ती मागं घ्यावी लागली. उसाला पाय फुटावेत म्हणून सगळा पश्चिम महाराष्ट्र भांडला. तो ऊस तोडणाऱ्या माणसाला एका कारखान्याच्या हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाता यावं, यासाठी तुमच्यापैकी एकानंही तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही.

तुमच्या तक्रारीही मला ठाऊक आहेत. मजूर उचल घेऊन पळतात, एकच मुकादम दोन-तीन ठेकेदारांकडून पैसे घेतो आणि बेपत्ता होतो, कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला ठेकेदार बुडतो. हे खरं आहे. तरणी पोरं त्यापायी देशोधडीला लागलेली मीही पाहिली आहेत. दुसऱ्या बाजूला, बाकीसाठी मजुरांना डांबून ठेवल्याच्या तक्रारी पोलीस ठाण्यांत नोंदल्या जातात. पण या दोन्हींचं मूळ उचलीत आहे, आणि उचल तुम्हाला हवी आहे. काम झाल्यावर पंधरवड्याला मजुराच्या खात्यात पैसे जमा होत असतील, तर पळून जाण्यासारखं काही उरतं का? कामाच्या आधी पैसे देऊन माणूस अडकवायचा आणि तो निसटला की त्याला चोर म्हणायचं. बुडतो तो मधला ठेकेदार. कारखाना त्याच्या बिलातून वसुली करून मोकळा.

दुसरी धमकी यंत्राची. मजुरी वाढवाल तर हार्वेस्टर आणू, मग बसा घरी. हार्वेस्टर तुम्ही आणतच आहात, राज्य सरकारनं त्याला २०२३ मध्ये किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यातलं जे कमी ते अनुदान जाहीर केलं. मजुरी कमी ठेवून यंत्र थांबलेलं नाही. आणि मजुरी वाढली की कामं जातातच, हे आता अर्थशास्त्रही बिनशर्त म्हणत नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्टफूडची दुकानं तपासली, नोकऱ्या घटल्याचं त्यांना आढळलं नाही. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा मोठा. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते जर्मनीचं. तिथं २०१५ मध्ये पहिल्यांदा देशभर साडेआठ युरोंचं किमान वेतन आलं. ख्रिश्चन डस्टमान आणि सहकाऱ्यांनी मजुरांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोजगार घटलेला दिसला नाही, मजुरी वाढली, आणि कमी पगाराचे कितीतरी कामगार लहान, कमी देणाऱ्या आस्थापना सोडून मोठ्या, चांगला पगार देणाऱ्या आस्थापनांत गेले. तळ वर आला आणि माणसं चांगल्या कामाकडं सरकली. सरकू शकली, कारण कुणाच्या पायात उचल नव्हती.

यात सरकारलाही मी सोडत नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट केलं. रोजगार हमीची मजुरी त्याला जोडलेली, म्हणजे तीही वाढली. फडावर न जाता गावातच राहता येईल अशी वेळ आली होती, आणि नेमकी तेव्हाच हमीची कामं कमी काढली गेली. पोटाला गावातच आधार राहिला, तर मुकादमाला दारातूनच परत पाठवता येतं. तो आधार पातळ केला की मुकादमाचं काम सोपं होतं. बीडमधून ट्रक भरून माणसं का येतात याचं उत्तर दुष्काळात जेवढं आहे, तेवढंच या हिशोबातही आहे.

उपाय परदेशातून आणायला नको. १९६९ मध्ये याच महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना उभं केलं आणि राज्यानं मंडळं स्थापली. कामगाराची नोंदणी मंडळाकडं, व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडं भरायची, मंडळानं ती कामगाराला द्यायची, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना, रजा सगळं त्यातून. व्यापारी बदलला तरी कामगाराची नोंद आणि हक्क त्याच्याबरोबर जातात. त्या मुंबईतल्या माथाड्यांत साताऱ्याचे, पाटण-जावळीचे लोक किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्याच भावकीतले असतील. डोक्यावर पोतं वाहणाऱ्याला जे मिळालं ते डोक्यावर मोळी वाहणारीला मिळायला काय हरकत आहे? गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी गाळपाच्या टनामागं दहा रुपये तुमच्याकडून घ्यायचं ठरलं, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. त्यांचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पण महामंडळ मजुरी देत नाही आणि वसतिगृह उचल सोडवत नाही.

तर मागणं असं आहे. तुमच्या पावतीवर जोडीतल्या दोघांची वेगवेगळी नावं लिहा. मजुरी पंधरवड्याला दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत टाका, बाईची बाईच्या. टनाचा दर ठेवा, पण त्याच्याखाली तासाचा किमान दर धरा, थांबण्याचे तास त्यात मोजा. घरच्या अडीनडीला पैसे लागणारच, ते बँकेच्या कर्जातून मिळू द्या, कामाशी त्याची गाठ नको. खाडा बंद. आणि पुढच्या कराराला संकुलात बसाल तेव्हा टनामागं किती टक्के यावर रात्र घालवण्याआधी एका वाक्यावर सही करा: "बाकी असो वा नसो, मजूर हंगामात कधीही काम सोडून दुसऱ्या कारखान्याकडं जाऊ शकेल, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना कोणीही अडवणार नाही."

या वाक्यानं तुमचा एक रुपयाही जात नाही. तरीही सही होणार नसेल, तर तसं कारखान्याच्या लेटरहेडवर लिहून पाठवा. १९७६ च्या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तुमचं पत्र मी तुमच्या जिल्ह्याच्या समितीपुढं ठेवीन, त्याच्या जोडीला फडावरच्या हिशोबाच्या वह्या असतील. बोनस, दिवाळीची साखर, मेळाव्यातला फेटा यांच्याबद्दल मात्र काही कळवू नका. उत्तर यंदाच्या उचली वाटायच्या आत यावं.

बीड जिल्ह्यातली,
कोपीत वाढलेली एक मुलगी